झाकण मिटलं तरी लॅपटॉप झोपत नाही: लिनक्सवर वेळ नेमका कुठे जातो

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे दुसऱ्या कुणाला हाच त्रास असेल तर त्यांनाही ताळा करता येईल. तुम्ही अमळनेरला राहता, रोज गाडीने धरणगावच्या शाळेत जाता. लॅपटॉप इंटेलच्या आठव्या पिढीचा, रॅम ८ जीबी, १ टीबीची फिरत्या तबकड्यांची हार्ड डिस्क, वर लिनक्सचं उबुंटू २४.०४. घरी झाकण मिटलं की दहा-बारा सेकंदांत पॉवरचा दिवा लुकलुकायला लागतो. शाळेत मात्र कधी कधी मिनिटभर लागतं. तुम्ही घाईत बॅगेत टाकून स्टेशन गाठता आणि गाडीत बसेपर्यंत बॅग तापलेली असते. शाळेतली लाइट गेलेली असली की हे हमखास होतं. एकाने सांगितलं रॅम वाढवा, दुसऱ्याने सांगितलं विंडोज टाका. लॅबमधल्या जुन्या डेस्कटॉपवर धड्यांचे व्हिडिओ आणि प्रश्नपत्रिका ठेवलेल्या आहेत, ते फोल्डर एनएफएसने (दुसऱ्या मशीनवरचं फोल्डर नेटवर्कवरून आपल्याकडे दाखवणारी सोय) तुमच्या लॅपटॉपवर जोडलेलं आहे, हेही तुम्ही जाता जाता लिहिलंय. सोबत लॉगच्या ओळी आहेत.

रॅम वाढवू नका, विंडोजही टाकू नका. निदान या कारणासाठी तरी नको. तुमचं मशीन धीमं नाही, ते कुणाची तरी वाट बघत थांबलेलं आहे. शाळेतलं मिनिट आणि घरचे दहा-बारा सेकंद ही दोन वेगळी दुखणी आहेत. शाळेतलं दुखणं लॅबच्या त्या शेअरमुळे, म्हणजे जोडलेल्या फोल्डरमुळे, आहे आणि लाइट जाण्याशी त्याचा थेट संबंध आहे. घरचं दुखणं हार्ड डिस्कचं आहे.

खाली आज्ञा आणि फाइलींची नावं मी बोलून सांगावीत तशी देवनागरीत लिहितोय. टाइप करताना इंग्रजी स्पेलिंग आणि इंग्रजी आकडे वापरा.

झाकण मिटल्यावर पडद्यामागे काय होतं ते एकदा समजून घ्या, मग लॉग वाचणं सोपं जातं. झाकण मिटल्याची खबर सिस्टमडीच्या (लिनक्सवरच्या सेवा सांभाळणारा प्रोग्राम) लॉगिंड या सेवेला मिळते. लॉगिंड आधी सगळ्यांना हाक देतं: झोपायची वेळ झाली, आवरून घ्या. नेटवर्क मॅनेजर वायफाय सोडतो, स्क्रीन लॉक होते, मोडेम असेल तर तो बंद होतो. या आवराआवरीला जास्तीत जास्त ५ सेकंद मिळतात, ही लॉगिंडची मूळ मर्यादा आहे. मग सिस्टम-स्लीप फोल्डरातल्या स्क्रिप्ट चालतात. त्या झाल्या की सूत्रं कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे, जातात. कर्नल आधी मेमरीत अडकलेला, अजून डिस्कवर न गेलेला डेटा लिहून काढतो, यालाच सिंक म्हणतात. मग चालू असलेले सगळे प्रोग्राम गोठवतो. मग एकेक उपकरण झोपवतो: डिस्क, वायफाय कार्ड, यूएसबी, ग्राफिक्स. शेवटी मदरबोर्डवरच्या फर्मवेअरला सांगतो की आता वीज तोड, फक्त रॅम जिवंत ठेव. दिवा लुकलुकायला लागतो तो इथे.

वेळ यातल्या कुठल्याही टप्प्यावर जाऊ शकतो आणि प्रत्येक टप्प्याचा इलाज निराळा आहे. यूट्यूबवर बघून ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम) चार पर्याय घुसवलेले लॅपटॉप जळगावात माझ्या टेबलावर नेहमी येतात. एक पर्याय ग्राफिक्सचा, एक डिस्कचा, एक एसीपीआयचा (वीज सांभाळण्याच्या व्यवस्थेचा), आणि मूळ त्रास तसाच. आता यातला कुठला पर्याय काय बिघडवतोय हे आधी निस्तरावं लागतं, तेव्हा कुठे मूळ दुखण्याला हात घालता येतो. म्हणून आधी सेकंद मोजा. कुठे किती गेले ते कळल्याशिवाय एकाही सेटिंगला हात लावू नका.

मोजायचे कसे? मशीन एकदा झोपवा, उठवा, आणि टर्मिनलमध्ये सुडो (प्रशासकाच्या हक्काने चालवण्यासाठी) लावून डीमेसेज ही कर्नलचे निरोप दाखवणारी आज्ञा चालवा, स्पेलिंग डी-एम-ई-एस-जी. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला चौकोनी कंसात सेकंदांचा आकडा असतो. «पीएम: सस्पेंड एन्ट्री» ही सुरुवात आणि «पीएम: सस्पेंड एक्झिट» हा शेवट. या दोन ओळींच्या मधलं सगळं वाचा. लागोपाठच्या दोन ओळींच्या आकड्यांत जिथे मोठी फट दिसेल, तिथे वेळ गेला.

इथे एका गोष्टीत पुष्कळ जण फसतात. जर्नलसीटीएलमध्ये, म्हणजे जर्नल ही सिस्टमची नोंदवही दाखवणाऱ्या आज्ञेत, घड्याळाची वेळ बघून हिशेब लावू नका. प्रोग्राम गोठवले जातात तेव्हा जर्नल लिहिणारी सेवाही गोठते. तिथून पुढचे कर्नलचे निरोप ती मशीन उठल्यावर नोंदवते, त्यामुळे ते सगळे उठण्याच्या वेळेचे दिसतात. लोकांना वाटतं मशीन झोपायला दोन तास घेतले. डीमेसेजला मोठ्या टी चा पर्याय लावून घड्याळाची वेळ काढली तरी झोपेनंतर ती चुकीची येते, हे त्याच्या मॅन्युअलमध्येच लिहिलेलं आहे. साधा डीमेसेज बरा. त्याचा आकडा झोपेच्या काळात पुढे सरकत नाही, म्हणून दोन ओळींतली फट म्हणजे निव्वळ कामात गेलेला वेळ. कर्नलच्या आधीचा भाग, म्हणजे लॉगिंड आणि स्क्रिप्टांचा, मात्र जर्नलमध्येच बघावा लागतो, आणि तिथली घड्याळाची वेळ खरी असते.

आता तुम्ही पाठवलेल्या शाळेतल्या ओळी. सिंकला पाव सेकंदही लागलेला नाही. त्याखाली «फ्रीझिंग यूजर स्पेस प्रोसेसेस» ही ओळ आहे आणि तिच्या पुढची ओळ थेट वीस सेकंदांनी आलेली आहे: «फेल्ड आफ्टर २०.००६ सेकंड्स, १ टास्क्स रिफ्यूझिंग टू फ्रीझ». म्हणजे कर्नलने सगळ्यांना गोठायला सांगितलं, बाकी सगळे गोठले, एक जण गोठला नाही. २० सेकंद वाट बघून कर्नलने नाद सोडला, सगळ्यांना परत जागं केलं आणि झोपणं रद्द केलं. तो एक कोण, तेही खालच्याच ओळीत आहे: टास्क नॉटिलस, स्टेट डी. नॉटिलस म्हणजे तुमचा फाइल मॅनेजर.

ते डी अक्षर महत्त्वाचं आहे. डी अवस्थेतला प्रोग्राम कर्नलच्या आत कुठल्या तरी डिस्कच्या किंवा सर्व्हरच्या उत्तराची वाट बघत अडकलेला असतो. उत्तर येईपर्यंत त्याला बाजूला काढता येत नाही, आणि त्या अवस्थेत तो गोठायलाही तयार नसतो. तुमचा नॉटिलस लॅबच्या शेअरमधल्या व्हिडिओंची छोटी चित्रं काढायला गेला होता आणि समोरून उत्तर येणं थांबलं.

का थांबलं? शाळेत लाइट गेली. तुमचा लॅपटॉप बॅटरीवर चालूच राहिला, म्हणून तुम्हाला काही जाणवलं नाही. लॅबमधला डेस्कटॉप मात्र बंद पडला, राउटर आणि स्विचही बंद पडले. एनएफएसचा शेअर काही वेगळं न सांगता जोडला तर तो हार्ड पद्धतीने जोडला जातो. हार्डचा अर्थ असा की सर्व्हर गायब झाला तरी चूक म्हणून परत फिरायचं नाही, तो परत येईपर्यंत विचारतच राहायचं. डेटा सांभाळण्याच्या दृष्टीने हे बरोबर आहे, लिहिलेलं अर्धवट राहत नाही. पण नेमकं त्याच वेळी झाकण मिटलं तर झोप अडते. लाइट असतानाही कधी कधी होतं असं तुम्ही म्हणता, त्याचं कारण जवळपास तेच आहे. झाकण मिटल्यावर नेटवर्क मॅनेजर आधी वायफाय सोडतो आणि मग कर्नल गोठवायला घेतो. तेवढ्यात एखादा प्रोग्राम शेअरवर काही वाचत असेल तर त्याच्याही पायाखालचं नेटवर्क गेलेलं असतं.

आणि मिनिटभर का, २० सेकंद का नाही? झोप फसल्यावर लॉगिंड लगेच पुन्हा प्रयत्न करत नाही. मशीन सुरू झाल्यावर किंवा उठल्यावर काही काळ झाकणाकडे दुर्लक्ष करायचं, असा त्याचा नियम आहे, आणि ती मुदत मुळात ३० सेकंदांची आहे. ती संपली की झाकण अजून मिटलेलंच आहे हे बघून तो दुसऱ्यांदा झोपवायला घेतो. २० अधिक ३०, त्यात सुरुवातीची आवराआवर आणि दुसऱ्या प्रयत्नाचे सेकंद धरा, तुमचं मिनिट तिथे भरतं. दुसऱ्या खेपेलाही तो प्रोग्राम अडकलेला असला तर चक्र पुन्हा सुरू. बॅगेत लॅपटॉप जागाच, पंखा बॅगेच्या कापडात हवा फेकतोय, म्हणून बॅग तापते.

यावर पहिला इलाज लॅपटॉपवर नाही, शाळेत आहे. ऑफिसात किंवा लॅबमध्ये इन्व्हर्टर असेल तर राउटर, स्विच आणि तो डेस्कटॉप त्या बोर्डावर घ्यायला सांगा. राउटर आणि स्विचला तर नगण्य वीज लागते. आपल्याकडे उन्हाळ्यात लाइट जाणं-येणं चालूच असतं, आणि चालू डेस्कटॉपची वीज अशी अचानक गेल्यावर त्याच्या डिस्कवर काय बेतते तो प्रश्न तुमच्या झोपेच्या प्रश्नापेक्षा मोठा आहे. प्रश्नपत्रिका त्यावर आहेत.

दुसरा इलाज लॅपटॉपवर. ईटीसी फोल्डरातल्या एफएसटॅब फाइलमध्ये (काय कुठे जोडायचं याची यादी) त्या शेअरची ओळ असेल. तिच्या पर्यायांत नोऑटो, एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट आणि एक्स-सिस्टमडी.आयडल-टाइमआउट=६० हे तीन घाला. मधे स्वल्पविराम, मोकळी जागा नाही. मग सुडो सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड करा आणि मशीन एकदा रीस्टार्ट करा. आता शेअर कायम जोडलेला राहणार नाही. तुम्ही फोल्डर उघडलं की जोडला जाईल, आणि मिनिटभर कुणी हात लावला नाही की आपोआप सुटेल. लाइट जाण्याच्या आधीच तो सुटलेला असेल तर अडकायला काही उरत नाही. फाइल मॅनेजरची खिडकी त्या फोल्डरवर उघडी ठेवून वर्गावर जाऊ नका. उघडी खिडकी म्हणजे हात लावलेलाच, शेअर सुटणार नाही.

तुम्ही त्या शेअरवरून फक्त वाचता, लिहीत नाही, असं असेल तर सॉफ्ट हा पर्यायही घाला, जोडीला टाइमओ=५० आणि रिट्रान्स=२. टाइमओ सेकंदाच्या दहाव्या हिश्शात मोजतात, म्हणजे ५० म्हणजे ५ सेकंद. सर्व्हरने उत्तर दिलं नाही तर काही प्रयत्नांनंतर प्रोग्रामला चूक परत मिळते आणि तो मोकळा होतो. त्या शेअरवर गुणपत्रकं लिहीत असाल तर सॉफ्ट मुळीच वापरू नका. लिहिताना मधेच सर्व्हर गेला तर फाइल अर्धी राहू शकते, आणि अर्धी राहिल्याचं तुम्हाला त्या वेळी कळेलच असं नाही. दोन्ही करायचं असेल तर दोन वेगळे शेअर घ्या: व्हिडिओंचा सॉफ्ट आणि रीड-ओन्ली, गुणपत्रकांचा हार्ड.

इंटरनेटवर याच त्रासावर दोन सल्ले वारंवार मिळतात. दोन्हींपासून लांब राहा. पहिला, सिस फोल्डरातल्या पॉवरमधल्या पीएम_फ्रीझ_टाइमआउट या फाइलमधला २०००० चा आकडा कमी करा. तो मिलिसेकंदांत आहे. कमी केल्याने झोप लवकर लागत नाही, लवकर फसते, एवढंच. दुसरा, सिस्टम-स्लीप फोल्डरात शेअर सोडणारी स्क्रिप्ट टाका. ती स्क्रिप्ट चालते तोवर नेटवर्क मॅनेजर वायफाय सोडून मोकळा झालेला असतो. साधा यूमाउंट (शेअर सोडणारी आज्ञा) तिथे स्वतःच अडकतो आणि सिस्टमडी त्या स्क्रिप्टची वाट बघत बसतो. आगीतून फुफाट्यात. स्क्रिप्ट करायचीच असेल तर यूमाउंटला एल हा पर्याय लावावा लागतो, आणि मग अडकलेला प्रोग्राम अडकलेलाच राहतो.

एसएसएचएफएसने जोडलेलं दुसऱ्या मशीनवरचं फोल्डर, गूगल ड्राइव्हचं जोडलेलं फोल्डर, मोबाइल केबलने जोडून उघडलेलं फोल्डर, हे सगळे याच भावकीतले. त्यांचं फ्यूज नावाचं यंत्र असं आहे की फोल्डर चालवणाराही एक साधा प्रोग्रामच असतो. कर्नलने तो आधी गोठवला आणि त्याच्याकडून उत्तर मागणारा प्रोग्राम नंतर गोठवायला गेला, की मागणारा कायमचा अडकतो. निघताना ही फोल्डरं फाइल मॅनेजरमधून इजेक्ट करायची सवय लावून घ्या.

खात्री करायची असेल तर गोठवण्याचा टप्पा एकटा तपासता येतो. रूट (प्रशासक) होऊन सिस, पॉवर, पीएम_टेस्ट या फाइलमध्ये फ्रीझर हा शब्द लिहा आणि सिस्टमसीटीएल सस्पेंड द्या. कर्नल प्रोग्राम गोठवेल, ५ सेकंद थांबेल आणि परत सोडेल, मशीन झोपणार नाही. लॅबचा डेस्कटॉप बंद करून, शेअर उघडा ठेवून ही चाचणी केलीत तर तुमचा दोष हमखास पकडला जाईल, आणि बदल केल्यावर तो गेला की नाही हेही तिथल्या तिथे कळेल. फ्रीझरच्या जागी डिव्हायसेस लिहिलं तर उपकरणांपर्यंतचा टप्पा तपासला जातो. झालं की त्याच फाइलमध्ये नन लिहायला विसरू नका, नाहीतर लॅपटॉप खरा झोपणारच नाही.

आता घरचं. त्या ओळींत गोठवणं अर्ध्या सेकंदात उरकलंय, पण «फाइलसिस्टिम्स सिंक» च्या पुढे ६.८ सेकंद लिहिलेत. उरलेले तीन-चार सेकंद आवराआवर आणि उपकरणांचे आहेत, तेवढे चालायचेच.

सिंकला वेळ लागतो कारण तुम्ही फाइल सेव्ह करता तेव्हा ती लगेच डिस्कवर जात नाही. कर्नल ती रॅममध्ये धरून ठेवतो आणि सवडीने लिहितो. साधारण ३० सेकंदांहून जुना झालेला डेटा तो लिहायला काढतो, किंवा असा डेटा मोकळ्या मेमरीच्या १० टक्क्यांवर गेला की. २० टक्क्यांवर गेला तर लिहिणाऱ्या प्रोग्रामलाच थांबवून ठेवतो. तुमच्या ८ जीबीपैकी ५ जीबी वापरायला मोकळी असेल तर १ जीबीपर्यंत डेटा असा हवेत असू शकतो. झाकण मिटलं की तो सगळा डिस्कवर गेल्याशिवाय पुढचं पाऊल नाही. फिरत्या डिस्कवर सलग लिहायचं असेल तर ती सेकंदाला शंभरेक एमबी लिहिते. पण ब्राउझर, अपडेट आणि मेलच्या छोट्या छोट्या नोंदी डिस्कभर विखुरलेल्या असतात. तिथे डिस्कचा हात इकडून तिकडे फिरण्यातच वेळ जातो आणि सेकंदाला जेमतेम शंभराच्या आसपास नोंदी होतात.

पेनड्राइव्ह लावलेला असेल तर आणखी वाईट. रावेर-सावद्याकडचे केळीचे व्यापारी, चोपड्याकडच्या जिनिंगचे मुनीम हिशेबाचे बॅकअप पेनड्राइव्हवर घेतात, आणि झोप लागत नाही म्हणून लॅपटॉप घेऊन येतात. कॉपी पूर्ण झाल्याचा पट्टा पडद्यावर भरलेला दिसतो, पण डेटा अजून रॅममध्येच असतो. स्वस्तातला पेनड्राइव्ह सेकंदाला ५ ते १० एमबी लिहितो. अर्धा जीबी शिल्लक असेल तर मिनिटभराची निश्चिंती. तेवढ्यात कुणी पेनड्राइव्ह उपटला तर बॅकअप गेलाच म्हणून समजा. झाकण मिटण्याआधी टर्मिनलमध्ये नुसतं सिंक लिहून एंटर मारा. प्रॉम्प्ट परत आला की सगळं डिस्कवर गेलं. किती शिल्लक आहे ते बघायचं तर प्रॉक फोल्डरातल्या मेमइन्फो फाइलमध्ये डर्टी ही ओळ आहे, आकडा केबीमध्ये असतो.

याची मर्यादा कमी करून ठेवता येते. ईटीसी, सिससीटीएल.डी या फोल्डरात एक नवी फाइल करा, नावाच्या शेवटी .कॉन्फ हवं. त्यात दोन ओळी: व्हीएम.डर्टी_बाइट्स=२६८४३५४५६ आणि व्हीएम.डर्टी_बॅकग्राउंड_बाइट्स=६७१०८८६४. म्हणजे २५६ एमबी आणि ६४ एमबी. डेटा जास्त साचणार नाही, झोपताना लिहायला थोडाच उरेल. मोठ्या फाइली कॉपी करताना पट्टा आधीपेक्षा हळू सरकतोय असं वाटेल. तो आता खरं सांगतोय, घाबरू नका.

पण ताई, खरा इलाज म्हणजे डिस्क बदला. रॅमसाठी जे पैसे बाजूला काढलेत ते २.५ इंची साटा एसएसडीवर घाला. आठव्या पिढीच्या मशीनला त्याने पुढची काही वर्षं मिळतात. उठतानाही फरक पडेल, कारण फिरत्या डिस्कला थांबलेल्या तबकड्या पुन्हा पूर्ण वेगात आणायला काही सेकंद लागतात आणि तोवर स्क्रीन आली तरी क्लिकला प्रतिसाद येत नाही. तुम्ही रोज गाडीत, रिक्षात धक्के खात जाता. झोप फसलेली, डिस्क फिरतीच आहे आणि बॅग आदळतेय, ही गोष्ट मला तापण्यापेक्षा जास्त काळजीची वाटते.

उरलेली कारणं तुमच्या लॉगमध्ये दिसत नाहीत, पण दुसऱ्यांना लागतील म्हणून लिहितो.

कर्नलपर्यंत जायच्या आधीच वेळ जात असेल तर सिस्टमडी-इनहिबिटला लिस्टचा पर्याय लावून चालवा. कोण कोण झोप अडवतोय त्याची यादी येते. डिले लिहिलेले फक्त ५ सेकंदांपर्यंत लांबवू शकतात, ब्लॉक लिहिलेला पूर्ण अडवू शकतो. तसंच लॅपटॉपला प्रोजेक्टर किंवा बाहेरची स्क्रीन जोडलेली असेल तर झाकण मिटूनही तो झोपत नाही. हा दोष नाही, तसंच ठरवलेलं आहे. तास संपल्यावर एचडीएमआयची वायर काढून मगच झाकण मिटा. शिक्षकांच्या बाबतीत हे फार घडतं. सिस्टमडीची २५६ वी आवृत्ती २०२४ च्या जूनमध्ये आली. तिच्यापासून कर्नलच्या आधीच वापरकर्त्याचे सगळे प्रोग्राम एकत्र गोठवले जातात, त्यामुळे नव्या वितरणांत यूझर.स्लाइस गोठवता आला नाही अशी ओळ जर्नलमध्ये दिसू शकते. तुमच्या २४.०४ मध्ये २५५ आहे.

उपकरणांच्या टप्प्यात फट दिसली तर स्लीपग्राफ वापरा. कर्नलच्या सोर्ससोबतच पीएम-ग्राफ या फोल्डरात ती पायथनची स्क्रिप्ट येते. ती मशीन झोपवते, उठवते आणि ब्राउझरमध्ये उघडता येईल असा तक्ता काढते. कुठल्या उपकरणाला किती मिलिसेकंद लागले ते त्यात आडव्या पट्ट्यांनी दिसतं. सगळ्यात लांब पट्टी ज्याची, दोष त्याचा. बहुतेक वेळा ती वायफाय कार्डाची, इंटरनेट डोंगलची किंवा ग्राफिक्सची असते. डोंगल असेल तर काढून एकदा मोजा, उत्तर लगेच मिळतं. एनव्हिडियाचं कार्ड आणि त्यांचा स्वतःचा ड्रायव्हर असेल तर झोपताना कार्डातली मेमरी एका फाइलमध्ये लिहून ठेवायची सोय त्यात आहे. ती फाइल फिरत्या डिस्कवर जात असेल तर तिथेही सेकंद जातात.

झोपेचा प्रकारही एकदा बघून घ्या. सिस, पॉवर, मेम_स्लीप ही फाइल कॅट करा, म्हणजे कॅट या आज्ञेने तिचा मजकूर बघा. एस२आयडल आणि डीप असे शब्द दिसतील, चौकोनी कंसात असेल तो चालू. डीपमध्ये जवळजवळ सगळ्याची वीज तुटते. एस२आयडलमध्ये प्रोसेसर नुसता स्वस्थ बसतो, लवकर उठतो, पण एखादं उपकरण नीट झोपलं नाही तर बॅटरी खातो आणि गरम होतो. तुमच्या मशीनवर डीप चालू आहे, तुमच्या लॉगमध्ये सस्पेंड एन्ट्रीच्या पुढे तसं लिहिलंय, म्हणून त्याला हात लावू नका. कुणाकडे डीप दिसतंय पण निवडलेलं नाही, तर ग्रबच्या ओळीत मेम_स्लीप_डिफॉल्ट=डीप घालून अपडेट-ग्रब करावं. इंटेलची अकरावी पिढी २०२० मध्ये आली. तिच्यापासून पुढच्या बऱ्याच लॅपटॉपांच्या फर्मवेअरमध्ये डीप ठेवलेलंच नाही. तिथे फक्त एस२आयडल दिसतं, आणि नसलेलं डीप जबरदस्तीने आणायच्या नादी लागू नये. आणखी एक: सेटिंगमध्ये हायब्रिड स्लीप निवडलेलं असेल तर झोपताना रॅमची पूर्ण प्रतिमा डिस्कवर लिहिली जाते, फिरत्या डिस्कवर त्याला वेळ लागणारच. साधं सस्पेंड निवडा.

आता तुमच्यासाठी क्रम. उद्या शाळेत शेअरची एफएसटॅबमधली ओळ बदला, फ्रीझरची चाचणी घ्या. हे जमेपर्यंत झाकण मिटल्यावर दिवा लुकलुकताना डोळ्यांनी बघितल्याशिवाय लॅपटॉप बॅगेत टाकू नका. गाडीची घाई असेल तर सरळ शटडाउन करा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो, त्या उन्हात बंद बॅगेत जागा लॅपटॉप म्हणजे बॅटरीचं आयुष्य कमी करणं आहे. बॅटरी फुगून टचपॅड वर उचललेला दिसला तर लॅपटॉप वापरणं आणि चार्ज करणं दोन्ही थांबवा आणि बॅटरी आधी काढून घ्या.

इतकं करूनही शाळेत मिनिट लागलं तर मला तीन गोष्टी पाठवा: डीमेसेजमधल्या सस्पेंड एन्ट्रीपासून एक्झिटपर्यंतच्या सगळ्या ओळी, एफएसटॅबमधली शेअरची ओळ, आणि त्या वेळी लाइट होती की नव्हती.